नखाएवढा निळा दिवा

मोरीतल्या आरशासमोर अमृत दाढी करत होता, आणि आतल्या खोलीतून त्याचं नाव वाजलं नाही. वाजायला हवं होतं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ह्याच वेळेला ते वाजत आलं होतं. सुकन्या चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, लॅपटॉप उघडायची आणि पासवर्ड टाकायची, आणि पासवर्ड म्हणजे त्याचं नाव, पुढे त्यांच्या लग्नाचं साल. लॅपटॉप घरात आला त्याच दिवशी तिने त्याला तो सांगून टाकला होता, भाजीत मीठ घातलंय हे सांगावं इतक्या सहज. तेव्हापासून त्या बटणांची चाल त्याच्या कानात बसली होती. आधी नावाची अक्षरं धावत यायची, मग एक थबकणं, कारण आकड्यांसाठी तिला बोट वरच्या ओळीत न्यावं लागायचं, मग आकडे सावकाश, एकेक, आणि शेवटी एंटरचा ठसका. हे तो कोणाला बोलला नव्हता. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंही. पण सुकन्या त्याला ‘अहो’ म्हणायची, चारचौघांत ‘आमचे हे’ म्हणायची; मंगळागौरीला बायका मागे लागल्या तेव्हा एकदाच तिने उखाण्यात त्याचं नाव घेतलं होतं, तेही पुढे ‘राव’ लावून. नुसतं, उघडं, मागेपुढे काही न लावता ती त्याचं नाव घ्यायची ते फक्त ह्या बटणांवर, आणि गालाला फेस लावून तो ते रोज ऐकायचा.

त्या दिवशी कप ठेवल्याचा आवाज आला, लॅपटॉप उघडल्याचा आला, आणि मग लगेच तो सुरू झाल्याची बारीक घंटी. मध्ये काही नाही. त्याचा वस्तरा हनुवटीखाली थांबला. तोंड न धुताच तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. लॅपटॉपच्या उजव्या कडेला, जिथे पेनड्राइव्ह बसतो त्या फटीत, नखाएवढं काहीतरी काळं बसलं होतं, आणि त्यात निळा दिवा जळत होता.

“हे काय नवीन?”

“बोटाचं आहे. नुसतं बोट ठेवायचं, उघडतं.” सुकन्याने मान वर केली नाही. “विकत घेताना ह्याच्यात ती सोय नव्हती ना. वेगळं मिळतं म्हणे. कल्याने पाठवलं कुरिअरने.”

“पासवर्ड विसरायला लागलीस का?”

“नाही हो. सोय म्हणून.” मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हसली. “साबण वाळतोय तोंडावर.”

दाराजवळ पाय पसरून लसूण सोलत बसलेली त्याची आई, केशरबाई, हीसुद्धा पदरात हसली. साबणाला हसली असं त्याला वाटलं.

कल्या म्हणजे कल्याण. राहात्याच्या शाळेत सुकन्याच्या वर्गात होता, आता नगरला सावेडीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. अमृतने त्याला लग्नात एकदा पाहिलं होतं: उंच, किडकिडीत, हातात सारखा मोबाईल. सुकन्या पुण्याच्या एका कंपनीचं हिशेब तपासायचं काम घरी बसून करायची, आणि मशीन अडलं की कल्याला फोन लावायची. “कल्या, मेल्या, काय करून ठेवलंस रे?” असं ती म्हणायची आणि पलीकडून तो काही बोलला की मोकळं हसायची. त्या हसण्याचं अमृतला फारसं काही वाटत नसे. टोचायचं ते ‘कल्या’. कल्या, मेल्या, अरे, तुरे. नवऱ्याला आदर द्यायचा असतो आणि तो त्याला मिळत होता, भरपूर मिळत होता. पण त्या आदराने तो पाहुण्यासारखा खुर्चीवर बसला होता आणि तो दुसरा चुलीपाशी मांडी घालून बसला होता, असं चित्र कधीतरी त्याच्या डोक्यात आलं आणि मग ते गेलंच नाही. आणि आता ह्याच माणसाने पाठवलेल्या नखाएवढ्या वस्तूने त्याचं नाव त्या घरातून काढून टाकलं होतं.

सुप्याच्या एमआयडीसीत अमृत तपासणी खात्यात होता. इंजिनात बसणाऱ्या लोखंडी कड्या त्याच्यासमोर येत, तो एकेक उचलून त्यात मापाचं गेज घालून पाहत असे. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दोन्ही गेली किंवा दोन्ही अडली तर माल बाद. कड्यांच्या काठाला राहिलेली बोचरी कूस तो पॉलिश पेपरने घासायचा, आणि थंडाव्याच्या तेलात हात बुडून बुडून त्याची बोटं गुळगुळीत झाली होती. गेटावरचं हजेरीचं मशीन त्याचा अंगठा कधी घ्यायचं, कधी नाही. त्या सकाळी नाही घेतला. त्याने अंगठा शर्टाला पुसला, फुंकला, पुन्हा ठेवला. मागे रांग थांबली.

“काय राव, आज बी घेत न्हाई व्हय गेट तुला?” मागून मच्छिंद्र म्हणाला. तो त्याच्याच बाकावर काम करायचा आणि कोणाची टिंगल करायची संधी सोडायचा नाही. “वहिनीला इचार बरं एकदा. घरात तरी घेत्यात का म्हनावं!”

रांग हसली. अमृतही हसला. दिवसभर तो गेज घालत राहिला आणि दिवसभर तेच वाक्य त्याच्या कानात शिरत-निघत राहिलं.

आपण संशयी आहोत असं त्याला वाटत नसे. संशयी माणूस त्याने पाहिला होता. त्याचे वडील रंभाजी. पाथर्डीकडचं कोरडवाहू गाव, दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला निघायची, आणि कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाची झोपडी, कोपी, पडायची. त्या कोपीत आईचं एक गाठोडं असे: दोन लुगडी, आरशाचा तुकडा, माहेरचं काहीबाही. फडावर निघताना रंभाजी ते गाठोडं स्वतः बांधायचे. त्यांची एक गाठ होती, उलटी, डाव्या हाताने मारलेली, शेपूट आत दडवलेली. तशी दुसऱ्या कोणाला यायची नाही. संध्याकाळी आल्यावर पाणी प्यायच्या आधी ते गाठ पाहायचे. बोलायचे काही नाहीत. नुसतं बोटाने चाचपायचे. आई दिवसभर त्यांच्याच शेजारी वाकून ऊस तोडत असे, मोळ्या बांधत असे, गाठोडं उघडायला ती जाणार कधी? तरी चाचपायचे. कोपीच्या तोंडाशी बसलेल्या लहानग्या अमृतला ते बोटांचं चाचपणं दिसायचं, आणि आईने तिकडे पाठ फिरवलेली दिसायची. मोठेपणी आपण असलं काही करायचं नाही, असं त्याने ठरवलंही असेल. सुकन्याचा पासवर्ड माहीत असून त्याने तो एकदाही वापरला नव्हता, ह्याचा त्याला मनातल्या मनात अभिमान होता. तो नुसता ऐकायचा. ऐकणं आणि चाचपणं ह्यांत फरक आहे, असं तो धरून चालला होता.

पण आता ऐकायलाच काही उरलं नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेत काय काय येऊन बसू लागलं. बोट ठेवल्यावर सुकन्याच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडायचा तो त्याला दिसे. कामाची वेळ संपल्यावरही दुपारी लॅपटॉप उघडा असतो, असं त्याला चार्जरच्या गरमपणावरून वाटायला लागलं. एकदा तो लवकर घरी आला तर आतून पटकन झाकण मिटल्याचा आवाज आला. दार उघडलं ते आईने, आणि सुकन्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. एरवी ज्या दोघी दिवसभर बडबडतात त्या एकमेकींकडे पाहत नाहीत, म्हणजे आईलाही ठाऊक आहे आणि ती सुनेला सांभाळून घेते आहे. इथपर्यंत त्याचा हिशेब गेला होता. आईच्या मनात सुनेविषयी माया होती हे त्याला आवडत आलं होतं. आता त्याच मायेचा त्याला राग यायला लागला.

आणि मग एका सकाळी सुकन्या म्हणाली, “मी नगरला जाऊन येते. बँकेत काम आहे. येताना डोळ्यांच्या दवाखान्यात आत्याबाईंचा नंबर लावून येते.” सासूला ती आत्याबाई म्हणायची.

“मी रविवारी लावला असता.”

“रविवारी बंद असतं हो.”

ती एसटीला गेली. अमृतची निघायची वेळ व्हायची होती. आई बाहेर नळावर भांडी घासत होती. लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर होता. सावेडीत बँका आहेत, दवाखानेही आहेत. सावेडीत सगळंच आहे. त्याने झाकण उघडलं. निळा दिवा लागला. त्याने अंगठा ठेवला. पडद्यावर अक्षरं आली: ओळखता आलं नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डाव्या हाताची. एखाद्या सोनाराच्या दुकानात अंगठी मापाला घालावी तसा तो एकेक बोट घालत गेला. आपलं बोट त्यात असणार नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरीही प्रत्येक नकाराला त्याच्या कानांच्या पाळ्या तापत होत्या. शेवटी पडद्यावरच त्या मशीनने आपणहून दुसरी वाट दाखवली: खाली किल्लीचं एक बारीकसं चित्र, आणि त्यावर दाबल्यावर पासवर्डाची पांढरी रिकामी चौकट. तिथे टिचटिच करणारी उभी रेघ.

त्याने आपलं नाव टाकलं नाही.

ह्या गोष्टीवर तो पुढे बराच विचार करणार होता. नाव टाकलं असतं तर काय झालं असतं? उघडलं नसतं तर संपलंच. पण उघडलं असतं तर? तर जे गेले काही आठवडे तो उराशी धरून होता ते सगळं एका एंटरला विरून गेलं असतं, आणि तो नुसताच एक दाढी करणारा नवरा उरला असता. हे त्याला तेव्हा एवढं स्वच्छ कळलं नाही. तेव्हा फक्त हात पुढे गेला आणि बटणांवरून वळून कडेला गेला. त्याने ती काळी वस्तू दोन नखांत धरून ओढली. ती हलणाऱ्या दातासारखी अलगद निघून आली. दिवा विझला. झाकण मिटून, वस्तू पँटच्या खिशात टाकून तो कामाला गेला.

दिवसभर ती खिशात होती. वाकला की मांडीला लागायची. सुकन्या घरी येईल, बोट ठेवायला जाईल, घाबरेल, कल्याला फोन लावेल, “कल्या, ते हरवलं रे!” हे सगळं तो कड्या तपासता तपासता पुन्हा पुन्हा पाहत होता, आणि दर वेळी तिच्या आवाजातला घाबरेपणा थोडा वाढवत होता. दुपारच्या जेवणाला त्याने हात पुसून खिशात घातला आणि वस्तू तिथेच आहे ना हे पाहिलं. संध्याकाळी गेटावर अंगठा पहिल्या फटक्यात लागला तेव्हा त्याला उगाच बरं वाटलं.

घरात दिवा लावलेला नव्हता. सुकन्या अजून आली नव्हती. खाटेवर आई बसली होती, मांडीवर उघडा लॅपटॉप, आणि त्याच्या पांढऱ्या उजेडात तिचा चेहरा खडूसारखा दिसत होता. शेजारी वाटीत पिळलेलं लिंबू होतं.

“आमृता, आलास व्हय? हिकडं ये जरा.” तिने डावा हात पुढे केला, पंजा उलटा करून. “हे बग. माजं बोट गेलं.”

“कुठं गेलं? आहे की.”

“पुसलं रं. यवढं एकच ऱ्हायलं हुतं, ते बी पुसलं.”

तिची करंगळी वाकडी होती. लहानपणी बैलगाडीच्या चाकात सापडून मोडलेली, तशीच बाहेर वळून बसलेली. तो शेजारी टेकला. आई थांबत थांबत सांगत गेली.

रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेत नाही हे त्याला माहीत होतं. कोयत्याने आणि उसाच्या पाल्याने तिच्या बोटांवरच्या रेघा केव्हाच नेल्या होत्या. दुकानदार म्हणायचा, आजी, पुसा. आजी, लिंबू लावा. आजी, घरच्या कुणाला तरी पाठवा. “मीच मी हाय का न्हाई, ते मशिनीला इचारायचं!” असं घरी येऊन ती म्हणायची आणि अमृत हसायचा. सुकन्या हसली नव्हती. तिने कल्याणला विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता की एक खेळणं पाठवतो, त्यावर आजींची सगळी बोटं लावून बघ, कामात न आलेलं एखादं बोट असेलच, तेच रेशनच्या मशीनवर ठेवायचं. सासू-सुनेने एक अख्खी दुपार त्यात घालवली होती. अंगठे गेले, तर्जन्या गेल्या. करंगळी वाकडी म्हणून तिने कधी ऊस धरलाच नव्हता. ती ठेवली तसा निळा दिवा हिरवा झाला.

“लई हसलो आमी. सुकन्या म्हनली, आत्याबाई, आता तुमी आल्या की हे दार उगडनार.”

“पण तुला कशाला हवं ते?”

आईने पदर तोंडाशी नेला. “कुस्त्या बगती मी.”

“काय बघतेस?”

“कुस्त्या. मोबाइलवर दिसत न्हाई, डोळ्यात जाळं आल्यावानी हुतंय. ह्याच्यावर मोठं दिसतं. माजा बाप पैलवान हुता, तुला कुटं ठाव? गावच्या आखाड्यात बायांना जाऊ देत न्हवते. मी कडूलिंबावर चढून बगायची. कलाजंग डाव कसा मारत्यात सांगू का?” तिचा हात हवेत वर गेला आणि मग खाली आला. “लगीन झालं आन् तुज्या बापानं ते बी बंद केलं. उघड्या गड्यांकडं काय बगायचं, म्हनला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू हसला असतास. न्हायतर तुज्या बापावानी त्वांड केलं असतंस.” तिने त्याच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. “आताबी तसंच केलंयस.”

वस्तू त्याच्या मांडीला लागत होती. ती काढून फटीत बसवायला क्षणसुद्धा लागला नसता. आईला दिसलंही नसतं. तिला जागेवर ती वस्तू नाही हेच कळलं नव्हतं, मोडल्यापासून बधिर असलेलं बोट ती दिवसभर रिकाम्या फटीवर घासत बसली होती. आणि तरी त्याचा हात खिशाकडे जाईना. सावेडीचा किडकिडीत माणूस त्याच्या डोक्यातून निघून गेला होता, इतका सहज की त्याची आता लाज वाटावी. पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त जवळचं होतं आणि जास्त जाळणारं. ह्या दोघींनी मिळून सगळी बोटं लावून पाहिली. हसल्या. पुसून गेलेल्या बोटांतून एक बोट शोधून काढलं. आणि तो? त्याचीही बोटं गुळगुळीत झाली होती, त्यालाही एक मशीन नाकारत होतं. हे तो घरी येऊन कधी बोललाच नव्हता. त्याला कोणी विचारलं नव्हतं इतकंच त्याला त्या घडीला दिसत होतं. आईने आपलं लिंबाळलेलं बोट पुन्हा एकदा त्या फटीवर ठेवलं, दाबलं, वाट पाहिली, आणि हळूच काढून घेतलं. तो पाहत बसला.

बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. सुकन्याने आत येऊन दिवा लावला.

“आत्याबाई, अंधारात काय करताय?”

“बोट गेलं गं माजं.”

“बोट कुठं जातंय?” ती हसत खाली वाकली, आणि तिचं हसू थांबलं. “ते डबडंच नाही इथं. काल रात्री तर होतं.” तिने लॅपटॉपच्या दोन्ही कडा पाहिल्या. मग अमृतकडे पाहिलं.

“पडलं असेल कुठंतरी,” तो म्हणाला. त्याने गुडघे टेकले, खाटेखाली हात घातला, इकडे तिकडे फिरवला, आणि उठताना ती वस्तू तळहातावर होती. “हे बघ. खाटेखाली होतं.”

सुकन्याने ती घेतली. अंगठा आणि बोट ह्यांच्यात धरून उजेडात फिरवली. तिच्या बोटाच्या टोकाला करडी, चमकणारी पूड लागली होती: लोखंडाचा कीस, रोज त्याचे कपडे धुताना खिशांच्या शिवणीतून ती झटकून काढते तो. तिने बोट नाकाशी नेलं. तेलाचा वास आला असणार. तिने ती वस्तू ओढणीच्या टोकाला नीट पुसली, फटीत बसवली, आणि निळा दिवा लागला.

“ठेवा, आत्याबाई.”

आईने करंगळी ठेवली. पडदा उघडला.

“हाय गं! हाय! पुसलं न्हाई!” म्हातारी खाटेवरच उडाली. “बग रं आमृता, बग! म्हंजे हाय मी अजून!”

दोन डोकी पडद्यावर वाकली. तांबड्या मातीत दोन मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरत होते, आणि आई ओरडत होती, “पट काढ, मुडद्या, पट काढ!” सुकन्या तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून हसत होती. अमृत उभा होता. काही वेळाने सुकन्या उठली आणि त्याच्या बाजूने स्वयंपाकघरात गेली. “अहो, ताटं घेताय का?” नेहमीचाच आवाज. त्यात काही सापडतं का म्हणून तो ऐकत राहिला.

जेवताना ती म्हणाली, “ते बोटाचं आत्याबाईंनाच राहू दे आता. मी आपली टाइपच करत जाईन.”

त्याला इतकं बरं वाटलं की त्याने भाकरी मागून घेतली. तिला कळलं होतं आणि तिने ते पोटात घातलं होतं, असा त्याने अर्थ लावला. आणि आईचा मोतीबिंदू, डॉक्टर, रिक्षा, ह्या सगळ्यांवर तो आपणहून बोलत सुटला.

सकाळी तो मोरीत उभा राहिला. फेस मुद्दाम सावकाश लावला. कप कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज आला. झाकण उघडलं. त्याने वस्तरा नळाखाली धरून नळ बंद केला, म्हणजे मध्ये पाण्याचा आवाज यायला नको. बटणं वाजायला लागली. अक्षरं धावत आली, तशीच, ओळखीची, आणि आरशातल्या फेसाखाली त्याचं तोंड हसलं. आता ती थबकेल, बोट वरच्या ओळीत जाईल.

बटणं थबकली नाहीत. ती पुढे धावत राहिली, बराच वेळ, त्याला माहीत नसलेल्या कुठल्यातरी लांब शब्दाच्या टोकापर्यंत, आणि मग एंटर वाजलं.